एकच टेकडी, बारा महिने : वस्तीचा निसर्गगट कसा उभा करावा

पुण्यात कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला लागलं की पंधरा मिनिटांच्या वाटेवर एक मोईचं झाड लागतं. आमच्या गटातल्या चौथीतल्या एका मुलाने एप्रिलमध्ये ते 'माझं झाड' म्हणून निवडलं आणि वहीत लिहिलं, 'झाड मेलेलं आहे.' फांद्या उघड्या, पान एकही नाही. आम्ही ते वाक्य खोडायला लावलं नाही. जूनच्या तिसऱ्या रविवारी तो सगळ्यांच्या पुढे पळत गेला आणि तिथूनच ओरडला, "मेलं नव्हतं!" पानझडी झाडं उन्हाळ्यात पाणी वाचवायला पानं टाकतात, हे मग त्यानेच इतरांना सांगितलं.

तो एप्रिलमध्येही तिथे आला होता आणि जूनमध्येही, म्हणून हे घडलं. आमच्या सोसायटीतली आणि शेजारच्या वस्तीतली मुलं, त्यांचे पालक, आजी-आजोबा असा गट मी काही वर्षं चालवतो आहे. नवीन गट सुरू करू पाहणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो : एक जागा धरा आणि वर्षभर तिथेच जा. सप्टेंबरात कास पठारावरची फुलं, जानेवारीत भिगवणचे पक्षी, मेमध्ये काजवे अशा सहली मुलांना आवडतात, त्या जरूर करा. पण सप्टेंबरात कासला जाऊन आलेल्या मुलाला तेच पठार मे महिन्यात कसं दिसतं याची कल्पना नसते. ऋतू कळायला एकच जागा पुन्हा पुन्हा बघावी लागते.

खालची माहिती पुण्याच्या टेकड्यांवरची आहे. कोकणात, विदर्भात झाडं-पक्षी आणि महिने थोडे बदलतील, पद्धत तीच चालेल.

आधी जागा आणि माणसं

जागा घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांच्या आत हवी. गाडी काढावी लागली की तिसऱ्या महिन्यात निम्मी माणसं गळतात. टेकडी नसेल तर तळं, ओढ्याचा काठ, गावाची देवराई, मोठ्या कॉलेजचं आवार, जुनी आमराई, काहीही चालतं. तीन गोष्टी तपासा : थोडी मोकळी गवताळ जमीन आहे का, देशी झाडं निदान आठ-दहा प्रकारची आहेत का, आणि पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं ते दिसतं का. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) खूप लागवड झालेली आहे. त्या एकसुरी पट्ट्यापेक्षा जिथे गणेर, सालई, मेढशिंगी, काटेसावर, पळस, आपटा अशी मिसळ आहे तो भाग निवडा.

जागा वनखात्याची असेल तर वनरक्षकाला प्रत्यक्ष भेटून सांगा आणि मोठा गट नेणार असाल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या. ही भेट टाळू नका. आमच्या वनरक्षकांनी पहिल्याच भेटीत आग्या मोहोळं कुठल्या कड्यावर असतात, कुठल्या घळीत रानडुकरं उतरतात, हे सगळं सांगितलं. ती माहिती दुसरीकडे कुठेच मिळाली नसती.

आता माणसं. पहिल्या वर्षी आम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला आणि चाळीसेक मुलं आली. त्या सकाळी कुणालाच काही दिसलं नाही, कारण आम्ही पोचायच्या आधी आमचा आवाज पोचत होता. तेव्हापासून नियम असा : एका वेळी जास्तीत जास्त पंधरा मुलं आणि त्यांच्यामागे तीन मोठी माणसं. एक पुढे, एक मध्ये, एक सगळ्यात मागे. मागच्या माणसाच्या मागे कुणीही राहायचं नाही. मुलं जास्त झाली तर दोन गट करा, दोन वेगळे रविवार द्या. आठ वर्षांखालच्या मुलांबरोबर त्यांचं घरचं माणूस हवंच.

गट फक्त सोसायटीच्या फाटकाआतला ठेवू नका, हे मी फार मनापासून सांगतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका मावशींचं माहेर मुळशी खोऱ्यातलं. त्या एका रविवारी मुलीला सोडायला आल्या आणि थांबल्या. टाकळा कुठला, कुरडू कुठली, भारंगीचा कोवळा पाला कधी खुडायचा, हे त्या चालता चालता सांगत गेल्या. आमच्या रखवालदार काकांना गवतं ओळखता येतात : मारवेल, पवना, कुसळी. कुठलं गवत गुरं आवडीने खातात आणि कुठलं तोंडातही घेत नाहीत, हे त्यांच्या लहानपणच्या अनुभवातलं. मी पुस्तकं बघून शिकलो होतो, पण गवताला कधी हात लावला नव्हता. तुमच्या आजूबाजूला अशी माणसं नक्की आहेत. त्यांना बोलवा, 'आज काका शिकवणार आहेत' असं मुलांना स्पष्ट सांगा, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना गटात घ्या.

पाहणी आणि सामान

प्रत्येक फेरीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत एका मोठ्या माणसाने तीच वाट चालून यायची. पडलेलं झाड, नवं मोहोळ, घसरडा उतार, फुललेलं काही, हे बघून ठेवायचं. ही पाहणी चुकली तर फेरी पुढे ढकला.

सामान थोडकं ठेवा. प्रत्येक मुलाकडे पाण्याची एक लिटरची बाटली, टोपी, बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, पेन्सिल आणि रेघा नसलेली वही. रेघा असल्या की मुलं लिहीत बसतात, चित्र काढत नाहीत. गटाकडे मिळून दोन भिंगं, एक दुर्बीण (आठ बाय बेचाळीसची, यापेक्षा मोठी मुलांना पेलत नाही), शिंप्याची टेप, सुतळी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी आणि ओआरएसची पाकिटं. भडक कपडे आणि अत्तर नको. मोबाइल फक्त मोठ्यांकडे, तोही फोटोपुरता.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ, उन्हाळ्यात सहापासून. महिन्यातून दोनदा पुरे. मुलांना दर रविवारी ओढून नेलं तर तीही आणखी एक शिकवणी होऊन बसते.

दर फेरीला करायच्या तीन गोष्टी

वर्षभर काहीही बघा, पण ही तीन कामं कुठल्याच फेरीत चुकवू नका. पुढे सगळं त्यांवर उभं राहतं.

पहिलं, आपलं झाड. प्रत्येक मूल किंवा दोघांची जोडी एक झाड निवडते. दर फेरीला पाच प्रश्न : कोवळी पानं आहेत का, जून पानं आहेत का, कळ्या-फुलं आहेत का, फळं आहेत का, झाडावर कोण आलंय? उत्तर 'नाही', 'थोडं', 'भरपूर' एवढंच. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर टेपने मोजायचा. याच धर्तीवर भारतभर 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम चालतो. तुमची मुलं मोठी असतील तर त्यात नोंदी घाला. आपल्या वहीतला पळस देशातल्या इतर पळसांबरोबर ठेवून बघता येतो, हे मुलांना कळलं की नोंदी नेटक्या होऊ लागतात.

दुसरं, सुतळीची चौकट. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन जमिनीवर आखायचा, चार कोपऱ्यांना चार दगड, आणि ती जागा वर्षभर बदलायची नाही. सुतळी प्रत्येक वेळी काढून परत न्यायची. चौघं मुलं पालथी पडून पंधरा मिनिटं त्यात काय काय आहे ते मोजतात : किती प्रकारची रोपं, किती किडे, किती विष्ठा, किती बिळं. मे महिन्यात आमच्या एका चौकटीत सुकलेली काडी, मुंग्यांचं एक बीळ आणि खडी होती. ऑगस्टमध्ये त्याच जागेत मुलांनी सतरा प्रकारची रोपं मोजली. नावं येत नव्हती, म्हणून मुलांनी आपली नावं दिली : 'केसाळ', 'नाण्यासारखं', 'आंबट वासाचं'. खऱ्या नावांची घाई करू नका. आधी वेगळेपण दिसू दे, नाव नंतर चिकटतं.

तिसरं, शांत दहा मिनिटं. सगळ्यांनी एकमेकांपासून दहा पावलांवर बसायचं, कागदाच्या मध्यभागी फुली म्हणजे आपण, आणि जिकडून आवाज येईल तिकडे खूण करायची. पहिल्या वेळी रिक्षा, कुकरची शिट्टी, विमान एवढंच उमटतं. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत तांबटाची टुकटुक, टिटवी, खारीचा चिरचिराट वेगवेगळे येऊ लागतात.

मृग ते श्रावण

गट सुरू करायला सगळ्यात चांगला काळ जूनचा. पंधरा दिवसांत तपकिरी टेकडी हिरवी होते आणि शिकवणाऱ्याला काही बोलावंही लागत नाही. मे महिन्यात मोठ्यांनी तयारी करावी आणि पहिला पाऊस पडल्यावर पहिली फेरी काढावी.

पहिल्या फेरीत मृगाचे किडे शोधा. लालभडक मखमली असे हे खरं तर कोळ्यांच्या नात्यातले जीव, म्हणून पाय सहा नसून आठ. मुलांना मोजायला लावा. हातात घेऊ द्या, पण तिथेच परत ठेवायला सांगा. याच दिवसांत 'पेरते व्हा' ऐकू येतं. तो पावशा. चातक पावसाच्या वाऱ्यांबरोबर येतो. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी असलेला हा पक्षी एकदा दाखवला की मुलं विसरत नाहीत.

पर्जन्यमापक घरीच करा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा तिसरा हिस्सा कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाशी खडे टाका, ते बुडेपर्यंत पाणी ओता आणि तिथे शून्याची रेघ मारा. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. गच्चीवर, भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्या, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असतो आणि मग वर्तमानपत्रातल्या आकड्याशी पडताळता येतं. वाचन झालं की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत परत आणायचं. यातून एक हिशेब मुलांकडून करून घ्या : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. हा आकडा मुलांनी फलकावर लिहिला आणि त्या वर्षीच्या वार्षिक सभेत पाणी जिरवण्याचा खड्डा मंजूर झाला.

जुलैच्या एका फेरीत पाण्यामागे चाला. माथ्यावरून एक ओघळ निवडा आणि तो उतारावर कुठे गढूळ होतो, कुठे गवतात शिरून निवळ होतो, शेवटी कुठल्या नाल्याला मिळतो ते बघत खाली या. गवत असलेल्या उतारावरचं आणि उघड्या वाटेवरचं पाणी दोन काचेच्या बरण्यांत भरून शेजारी ठेवा. दहा मिनिटांनी कुठल्या बरणीत किती माती बसली ते दिसतं. हे डबक्या-ओघळींपुरतंच. वाहता ओढा, धबधबा, धरणाची भिंत इथे मुलांना न्यायचंच नाही. वरच्या अंगाला पडलेला पाऊस खाली दिसत नाही आणि पाणी काही मिनिटांत वाढतं.

फुलांमध्ये आषाढ आमरी, कळलावी, तेरडा, नंतर सोनकी अशी रांग लागते. कळलावीचं फूल फार देखणं, पण सगळं झाड विषारी, कंद तर फारच. म्हणून नियम : तोंडात काहीही घालायचं नाही, तोडायचं नाही. रानभाजीची ओळख करून द्या, पण खाण्यासाठी खुडणं केवळ जाणत्या माणसाबरोबर आणि त्याच्या डोळ्यांसमोर. शेवळं नीट न शिजवता खाल्ली तर घसा खवखवतो, कारण त्यात सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून भाजीत काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालतात. जुन्या स्वयंपाकघरात असं किती रसायनशास्त्र होतं, ते आजींनाच सांगू द्या.

ज्यांना बाहेर पडणं जमत नाही, त्यांच्यासाठी कुंडीतला कढीपत्ता किंवा लिंबू पुरतो. पावसाळ्यात त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधा. तीच पुढे हिरवी होते, मग कोष, मग फुलपाखरू. आमच्या गटातल्या गुडघ्याच्या दुखण्याने अडकलेल्या एका आजींनी बाल्कनीतून दोन महिने रोजची नोंद ठेवली. गटाच्या वहीतली ती सगळ्यात नीटनेटकी पानं आहेत.

आणि वृक्षारोपण? मी गवताळ टेकडीवर मुलांकडून घाऊक रोपं लावून घेण्याच्या विरुद्ध आहे. गवताळ माळ ओसाड नसतो. टिटवी, रातवा, चंडोल जमिनीवरच घरटं करतात, त्यांना मोकळं गवतच लागतं. लावायचंच असेल तर सोसायटीच्या आवारात, देशी, मोजकी पाच रोपं लावा आणि तीन वर्षं पाणी कोण घालणार त्याची नावं आधी लिहा.

भाद्रपद-आश्विन

सणांना धरून फेऱ्या आखा, म्हणजे घरचं कुणीतरी आपणहून येतं. गणपतीच्या आधी पत्रींची फेरी : पूजेतल्या एकवीस पत्रींपैकी आघाडा, माका, दूर्वा, डोरली, रुई, धोत्रा, बेल, शमी अशा किती आपल्या आवारात सापडतात ते बघायचं. प्रत्येकाचं एकच पान, वहीत दाबून. धोत्रा आणि कण्हेर विषारी, रुईचा चीक डोळ्याला घातक. ही तीन पानं मोठ्यांनीच हाताळायची आणि मग हात धुवायचे.

दसऱ्याआधी आपटा आणि कांचन शेजारी ठेवून दाखवा. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनचं मोठं आणि पातळ. बाजारात सोनं म्हणून बरेचदा कांचनच्या फांद्या येतात. आमची मुलं आता दसऱ्याला कागदी पान कापून त्यावर आपट्याचं चित्र काढतात आणि झाडाला भेटून येतात.

कासला जायचं असेल तर सप्टेंबर. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्या यादीत महाराष्ट्रातल्या कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या जागा आहेत. तिथे रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते, नोंदणी आधी करावी लागते. शनिवार-रविवार टाळा. जांभा खडकावरची माती बोटभर जाडीची असते, एका बुटाखाली पुढच्या वर्षीचं बी जातं. ही गोष्ट गाडीत बसायच्या आधी समजावून सांगा, तिथल्या गर्दीत कुणी ऐकत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस गवत पिकतं तेव्हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग करता येतो. कुसळी गवताचं एक कुसळ घ्या. टोकाला अणकुचीदार बी, मागे पीळ पडलेली लांब शेपटी. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. शेपटी उलगडते आणि कुसळ आपोआप गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पिळतं. दिवसा कोरडं, रात्री दवात ओलं, असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत पेरतं. पायमोज्यांत कुसळं घुसल्याची तक्रार करणारी मुलं घरी जाताना खिशात मुद्दाम दोन-चार घेऊन जातात. याच दिवसांत खाजकुईलीच्या शेंगा वाळू लागतात. त्या लांबून दाखवा आणि वेल असलेल्या वाटेने गट नेऊ नका. लव अंगावर उडाली तर खाजवायचं नाही, चिकटपट्टी दाबून उपटायची आणि भरपूर पाण्याने धुवायचं.

थंडी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांचे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. नवीन मुलांना गटात घ्यायला हा आठवडा चांगला. सुरुवात दुर्बिणीने करू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी चार प्रश्न : चिमणीपेक्षा मोठा की लहान, कावळ्यापेक्षा मोठा की लहान, चोच कशी, शेपटी काय करते आहे? थिरथिऱ्याची शेपटी सतत थरथरते, धोब्याची वर-खाली होते, नाचण पंख्यासारखी उघडते. आपल्या मराठी नावांतच अर्धी ओळख आहे.

फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक परसबाग पक्षीगणना असते. कुठेही निदान पंधरा मिनिटं थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. सोसायटीच्या गच्चीवरून आजी-नातवंडांच्या जोड्यांनी हे केलं तर उत्तम होतं. एक कबूतरांचीच संख्या भरली तरी ती खरी नोंद आहे, लिहा. भिगवण याच काळात करा. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब, चक्रवाक दिसतात. नावाड्याला आधीच सांगा की थव्याच्या जवळ नाव न्यायची नाही, फोटोसाठी उडवायचे नाहीत.

थंडीत एक रात्र गच्चीवर घालवा. मृग नक्षत्र आणि त्याच्यामागचा व्याध शहरातूनही स्पष्ट दिसतात. मुलं हमखास विचारतात : मृग जूनमध्ये लागतो ना, मग तो आत्ता कसा? जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते दिवसा डोक्यावर असतं आणि दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडे गेली की तेच रात्री दिसतं. शेतकऱ्याचा पाऊस आणि आकाशातला हरीण एकत्र जोडले गेले की ती मुलं कॅलेंडरकडे वेगळ्या नजरेने बघतात. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांसाठी काम करते. आपल्या गावातही अशी मंडळी असतात, त्यांना दुर्बीण घेऊन बोलवा.

शिशिराचा शेवट आणि उन्हाळा

पानं गळल्यावर फुलं येतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चची टेकडी मला सगळ्यांत रंगीत वाटते. काटेसावर, पळस, पांगारा लाल-केशरी, गणेर पिवळा. फुललेल्या काटेसावरीखाली पूर्ण अर्धा तास बसा आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची नोंद करा. मैना, बुलबुल, कोतवाल, पळसमैनांचा थवा, खारी, मधमाश्या. कोण मध पितं, कोण किडे टिपतं आणि कोण नुसतंच फुलं तोडतं?

होळीआधी पळसाची खाली पडलेली फुलं गोळा करा, रात्रभर पाण्यात भिजवा किंवा उकळा, केशरी-पिवळा रंग मिळतो. झाडावरची तोडायची नाहीत.

या महिन्यांत वणव्याचा धोका असतो. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने काही ठिकाणी ते पेटवतात. त्यात जमिनीवरची अंडी, लहान रोपं, सरडे, कासवं जळतात. मुलांना आगीजवळ कधीही न्यायचं नाही. मोठ्यांनी वनखात्याबरोबर जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत काढून केलेला पट्टा) काढायला जावं, आणि मुलांनी धूर दिसताच कुणाला फोन करायचा तो क्रमांक पाठ करावा.

एप्रिल-मेमध्ये फेरी तासाभराची करा. बहावा, ताम्हण बघा. ताम्हण आपलं राज्यफूल, पण ओळखणारी माणसं थोडी. झाडाच्या सावलीत आणि उन्हातल्या दगडावर तापमापी ठेवून दोन आकडे लिहा. परतल्यावर सरबत आणि शांत बसणं, धावायचे खेळ नकोत.

मेच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मुसळधार पाऊस सुरू होण्याआधी, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे असतात. त्यांचा लुकलुकाट म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते आणि आपल्या उजेडात ती हरवते. गाडी गावातच ठेवा, दिवे बंद, फ्लॅश बंद, बॅटरीला लाल कागद, आणि वाट सोडून गवतात पाय टाकायचा नाही, कारण माद्या खालीच बसलेल्या असतात. गावातल्या वाटाड्याबरोबर जा आणि त्याला ठरलेले पैसे द्या.

जपायच्या गोष्टी

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप सगळ्या मोठ्यांना ओळखता यायला हवेत. दंश झाला तर तो भाग हलवायचा नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. १०८ला फोन आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय. ते कुठलं, हे घरून निघायच्या आधी माहीत असलं पाहिजे. आग्या मोहोळाखाली थांबायचं नाही. माश्या उठल्या तर तोंड-डोकं झाकून गटाने आलेल्या वाटेने लांब जायचं, हात झटकायचे नाहीत. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मुलांना आकडे मोजायला शिकवा : तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला की फेरी संपली, खाली उतरा. एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही. प्रत्येक पालकाकडून मुलाची ॲलर्जी, औषधं आणि दोन फोन क्रमांक लिहून घ्या.

गट टिकवायचा कसा

पैसे फारसे लागत नाहीत. दुर्बीण आणि भिंगं सोसायटीच्या वर्गणीतून एकदाच घ्या. फेरीला शुल्क ठेवू नका, नाहीतर वस्तीतली मुलं सगळ्यात आधी बंद होतात. वह्या गटाने द्याव्यात. खाऊ एकत्र : शेंगदाणे, गूळ, केळी. साली आणि कागद परत घरी.

दोन वर्षं झालेल्या मुलांना पुढचा माणूस म्हणून चालू द्या. आमच्याकडे सातवीतली मुलगी आता पाहणीला माझ्याबरोबर येते आणि फेरीत वाट तीच ठरवते. मी मागे असतो.

मेच्या अखेरीस सोसायटीच्या सभागृहात वर्षभराच्या वह्या मांडा. भिंतीवर एक लांब कागद, त्यावर बारा महिने, आणि प्रत्येक मूल आपल्या झाडाची पानं-फुलं-फळं त्या त्या महिन्यात रंगवतं. मागच्या वर्षीचा कागद वर, यंदाचा खाली. पळस यंदा आठ दिवस उशिरा फुलला, मोईला पालवी दोन आठवडे आधी आली, हे भिंतीवर दिसतं आणि मग मोठी माणसंच वाद घालायला लागतात. त्याच संध्याकाळी जूनच्या पहिल्या फेरीची नावं लिहून घ्या.